शेततळ्यातलं शेवाळ

हदगावजवळच्या आमच्या शेतात दादानं हळदीच्या पाण्यासाठी शेततळं खोदलं आणि वहिनीनं त्यात माशांचं बीज सोडलं. लग्न होऊन या घरात येऊन तिचे केस पिकायला आले, पण 'माझं' म्हणावं असं तिच्याकडे ते मासेच पहिले. रोज संध्याकाळी पेंडीचा चुरा घेऊन ती काठावर बसायची. मी नांदेडहून गेले की मलाही बसवायची. काठाकाठानं केसांच्या गुंत्यासारखं हिरवं शेवाळ तरंगायचं. हात घातला की त्यातले बारीक किडे बोटांवर चढायचे. माशांची पिल्लं त्यातच लपत आणि त्यातच चरत.

दादाच्या डोळ्यांत मात्र ते शेवाळ खुपायचं. ठिबकच्या जाळीत अडकतं म्हणून तो वैतागायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण खरी घाई झाली ती सोयरिकीमुळे. दादाच्या लेकाला मुलगी देणारे देगलूरचे पाहुणे घर-शेत बघायला येणार होते.

"लई घाण दिसून राहिलं. पाव्हणे काय म्हनतील?" दादा म्हणाला.

"माशायला लागतंय ते. राहू द्या," वहिनी म्हणाली.

ऐकेल तो दादा कसला! फवारणीसाठी आणलेला मोरचूद त्यानं तळ्यात कालवला. शेवाळ पिवळं पडून तळाशी बसलं, पाणी नितळ झालं, स्वारी खूश. पाहुण्यांची गाडी बांधावर आली त्या सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

जिवंत शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं, आणि एकदम मेलं की सडताना होता नव्हता तेवढा संपवतं, हे आम्हाला नंतर कळलं. एक तर विषारी पाणी, त्यात मासे गुदमरले. अजून आठवलं की जीव हळहळतो.

पाहुणे भले निघाले, सोयरीक जमली. त्यांना चहा देऊन वहिनी एकटीच जाळं घेऊन तळ्यावर गेली. दादा मदतीला गेला, पण तिनं जाळं हातचं सोडलं नाही.

पावसाळ्यानंतर शेवाळ पुन्हा धरलं. दादा आता त्याला कुणाला हात लावू देत नाही, ठिबकची जाळी मुकाट्यानं धुतो. परवा त्यानं प्राणवायू भरलेल्या पिशवीतून माशांचं बीज आणलं आणि वहिनीपुढं धरलं.

"तूच सोड," तो म्हणाला.

वहिनी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तळं तुमचं हाय," ती म्हणाली. "तुमीच सोडा."