काळ्या मातीतली आयव्ही

माझी मुलगी हिमाचलातल्या एका डोंगरी गावात शाळेत शिकवते. यंदा होळीला घरी आली तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून एक वेल घेऊन आली, मुळासकट. आयव्ही म्हणतात म्हणे. ती राहते त्या घराची अख्खी भिंत या वेलीनं झाकलेली आहे. "बाबा, मी दिवाळीत येईपर्यंत सांभाळा हिले," म्हणाली आणि चार दिवसांनी गेली.

सांभाळा म्हटल्यावर मी कमी पडणारा माणूस नाही. अमरावतीच्या कोर्टात जन्म काढला असला तरी नांदगाव खंडेश्वरला आमचं वावर आहे. तिथली काळी माती गोणीभर आणली. बायको म्हणाली, नर्सरीतली भुसभुशीत माती घ्या. मी हसलो. ज्या मातीत कापूस आणि तूर होते, तिथे या वीतभर वेलीचं काय घेऊन बसलीस! मोठी कुंडी भरली, वेल लावली आणि उन्हाळा लागताच कूलरच्या खोलीत ठेवली.

एक गोष्ट कबूल करायला हवी. मी मुलीला फोन करत नाही. बायको रोज संध्याकाळी करते. मी शेजारी पेपर धरून बसतो, कान तिकडे. फोन माझ्या हातात आलाच तर "जेवलीस का? बरं, ठेवतो," एवढं बोलून परत देतो. आमच्या वडिलांचा फोन यायचा तो कुणी गेलं तरच. तेच वळण मलाही लागलं. बायकोनं फोन ठेवला की मी उठायचो, गडूभर पाणी घ्यायचो आणि वेलीला घालायचो. सकाळी चहाच्या वेळी पोरीची रिकामी खुर्ची दिसली की एक गडू. दुपारी रस्त्यावरचं ऊन पाहून थंड मुलखातल्या जिवाची काळजी वाटली की आणखी एक.

मे महिन्यात पानं पिवळी पडायला लागली. मी पाणी वाढवलं. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात जे मरतं ते पाण्यावाचून मरतं, दुसरं कारण आम्हाला सुचतच नाही. मग देठ काळे पडले आणि मातीला वास येऊ लागला. पलीकडून पोर विचारायची, "वेल कशी आहे?" बायको माझ्याकडे बघायची. "मजेत," मी पेपरामागून सांगायचो. दिवाळीत तिला रिकामी कुंडी दाखवायची वेळ येणार, या धास्तीनं मला जेवण जाईना.

शेवटी आम्ही अकोल्याला निघालो. बायकोचा भाऊ तिथे रोपवाटिका चालवतो. पहाटेच्या एसटीत कुंडी मांडीवर घेऊन बसलो तर कंडक्टर म्हणाला, "साहेब, तिकिटं दोन देऊ का अडीच?"

मेहुण्यानं कुंडी पाहिली, वाकून हुंगली. "जवाईबुवा, पाणी किती देता?"

"एकदा," मी म्हणालो.

"दिवसातून चार खेपा," बायको म्हणाली. "माह्या डोळ्यानं पायते मी."

उलटतपासणी तिथेच संपली.

"मंग काहून मारून राहिले तिले?" तो म्हणाला. "ते तहानेली नाही, तिचा दम कोंडला. हे माती वावरातच बरी. कुंडीत पाणी धरून बसते, सोडतच नाही."

त्यानं कुंडी उलटी केली. आत नुसता चिखलाचा गोळा होता. मुळं तपकिरी, गिळगिळीत. बोट लावलं की साल सुटत होती. त्यानं ती धुतली आणि सडकी मुळं एकेक करून कात्रीनं कापली. मला ते पाहवेना. शेवटी चार-पाचच पांढरी मुळं उरली. तेवढी वेल त्यानं कागदावर सावलीत निथळत ठेवली आणि मग लहानशा कुंडीत रेती आणि नारळाच्या भुशात लावली. "मातीत दोन पेरं बोट घाला," तो म्हणाला. "ओलं लागलं तर पाणी नाही. कितीबी वाटलं तरी नाही."

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी बायकोचा फोन संपला. मी सवयीनं उठलो, गडू भरला, बोट घातलं. ओलं होतं. भरला गडू हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. इतके दिवस मी पाणी वेलीला देतच नव्हतो, पोरीला देत होतो.

आठवडाभर असंच चाललं. गडू भरायचा, बोट घालायचं, पाणी परत बादलीत ओतायचं. एका शेंड्याला मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला, पण मी कुणाला बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून.

नवव्या दिवशी बायको कीर्तनाला गेली होती. संध्याकाळ झाली, रोजचा फोन झाला नाही. मी बोट घातलं. ओलं. गडू खाली ठेवला आणि मुलीचा नंबर लावला.

"बाबा?" तिचा आवाज चिरकला. "काय झालं? आईले बरं आहे ना?"

माझा फोन म्हणजे वाईट बातमी, हे मीच तिला शिकवलं होतं.

"सगळे बरे आहेत," मी म्हणालो. "माती ओली आहे अजून, म्हणून तुले फोन केला."

तिला काय कळणार होतं. पण तिनं फोन ठेवला नाही, आणि मीही नाही.