पुसण्याआधी विचारणारे इंद्रभानभाऊ

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. खामगावात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, जानराव म्हटलं की लोक आधी हसतात, मग दोन पावलं मागे सरकतात. पण एका माणसावर मला जन्मात ओरडता आलं नाही. ते म्हणजे इंद्रभानभाऊ, कॉम्प्युटर दुरुस्तीवाले.

आधी ते रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ गेले, टीव्ही आले, ते शिकले. कॉम्प्युटर आले तेव्हा पन्नाशी उलटली होती, तरी अकोल्याला जाऊन पोरासोरांच्या शेजारी बसून क्लास केला. लूनावर फिरायचे. चष्म्याच्या डबीत फ्लॉपी ठेवायचे, आणि जेवणाच्या डब्यात पोळीभाजीऐवजी टॉवेलात गुंडाळलेली एक जुनी हार्ड डिस्क. दुसऱ्याच्या मशीनमधलं सामान उतरवून ठेवायला ती डिस्क.

त्यांची एक खोड होती. फॉरमॅट मारायच्या आधी मालकाला शेजारी बसवायचे. एकेक फाइल उघडायची, दाखवायची आणि विचारायचं, "हे जाऊ द्याचं का राहू द्याचं?" मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय पुढे हलायचे नाहीत. दोन तासांच्या कामाला अख्खा दिवस! लोक वैतागायचे. मी तर विचारूच नका.

या खोडीमागचं कारण मला फार उशिरा कळलं. धंदा नवा असताना डोणगावच्या एका रिटायर मास्तरांचं मशीन त्यांनी पुसलं होतं. मास्तर म्हणाले होते, "काही नाही त्यात, पुसून टाका." आठ दिवसांनी मास्तरांची बायको सुभद्राबाई त्यांना शोधत आली. त्यांचा मुलगा अपघातात गेला होता आणि मरायच्या आधी त्याने आईला लिहिलेली चार पानं त्या मशीनमध्ये होती. मास्तरांना त्यांचा पत्ताच नव्हता. इंद्रभानभाऊ वर्षभर दर रविवारी डोणगावला जाऊन ती पानं शोधत बसले. नाहीच सापडली. ती बाई रागावली नाही म्हणे, दर खेपेला चहा करायची. "रागावली असती तं बरं झालं असतं," ते मला म्हणाले होते.

आता आमचं सांगतो.

माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा, अर्जुनदादाचा, लग्नपत्रिकांचा धंदा. एक दुकान, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. नऊ वर्षं गुण्यागोविंदाने चाललं. मग दोन हजार एकच्या मे महिन्यात जळगाव जामोदच्या कडूबाजींच्या मुलीच्या पत्रिकेत लग्नाची तारीख चुकली. सत्तावीस मे हवी होती, छापली वीस मे. कडूबाजी दुकानात येऊन थयथयाट करायला लागले. दादाने हात जोडले. "चूक माही हाय," म्हणाला. रातोरात नव्या पत्रिका काढल्या आणि पिशवी खांद्याला लावून एसटीने तीन दिवस गावोगाव हिंडत घरोघरी जुनी घेऊन नवी देत फिरला.

आणि मी काय केलं? वर्षभर त्याला त्यावरून टोचत राहिलो. "तुले दिसत नाही आता, दादा. तू प्रूफ नको पाहत जाऊ. दुकानाचं नाव घालवशील." गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. तो ऐकून घ्यायचा. मला वाटायचं, चुकलाय म्हणून ऐकतो. शेवटी पुढच्या जूनमध्ये मीच म्हणालो, "आपण येगळं होऊ."

"तुह्यी मर्जी," एवढंच दादा म्हणाला.

दुकानाच्या मधोमध प्लायवूडचा पडदा ठोकला. आमच्याकडे वाटणीची रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. तसंच केलं. टेबल, खुर्च्या, कागद, पंखा, सगळं झालं. राहिला कॉम्प्युटर. दुसरा घ्यायची ऐपत दोघांचीही नव्हती. सकाळी त्याने बसायचं, दुपारनंतर मी. पण त्याच्या फायलींना माझा हात नको आणि माझ्यांना त्याचा. मग इंद्रभानभाऊंना बोलावलं. म्हटलं, हार्ड डिस्कचेच दोन भाग करा.

"होते," ते म्हणाले. "पण पार्टिशन कराचं तं आधी सगळं पुसा लागते. बसा दोघं."

दोघं बसलो. मध्ये ते. एकेक फाइल उघडायला लागले. आमच्या बहिणीची लग्नपत्रिका आली. "राहू द्या," दोघंही एकदम बोललो आणि लगेच तोंडं फिरवून बसलो. बाबांच्या तेराव्याचं पत्र आलं. दादाने डोळे पुसले. मी पंख्याकडे बघत राहिलो. कधी एकदा हे संपतं आणि मी पडद्यापलीकडे जातो, असं झालं होतं.

मग आली कडूबाजींची ती चुकलेली पत्रिका; दुरुस्त केलेली दादाने वेगळी सेव्ह केली होती. दादा घाईने म्हणाला, "जाऊ द्या. पाहू नका ते."

"काऊन पाहू नका?" मी उसळलो. "पाहू द्या की! तुह्यी कारागिरी हाय!"

इंद्रभानभाऊंनी दोघांकडे एकेकदा पाहिलं. फाइल उघडली, आणि त्यांच्या सवयीने तारीख वाचून दाखवली. "शेवटची सेव्ह केली चार मे, शुक्रवार, दुपारी तीन चाळीस."

चार मे.

अहो, ती तारीख मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या दिवशी चार वाजता माझी पोरगी जन्मली. सकाळपासून दादा आणि वहिनी माझ्या बायकोला घेऊन दवाखान्यात होते. कडूबाजींच्या पत्रिका त्याच दिवशी छापायच्या म्हणून दुकानात मी एकटा होतो. आणि मग सगळंच डोळ्यांपुढे आलं. कडूबाजींनी ऐन वेळी चार मामांची नावं वाढवायला सांगितली होती. जीव दवाखान्यात, हात कीबोर्डवर. वेळ वाचवायला मी दुसऱ्या पत्रिकेतला खालचा मजकूर उचलून यात चिकटवला होता. तारखेसकट.

"दादा, तुले माहीत होतं?"

"म्या पाह्यलेलं प्रूफ बरोबर होतं, अजून हाय माह्यापाशी," दादा खाली बघत म्हणाला. "कडूबाजी आले तवाच समजलं."

"मंग सांगतलं काऊन नाही? वर्षभर मी तुले वाट्टेल ते बोलून राह्यलो!"

"सांगून काय झालं असतं जान्या? त्या दिवशी तू बाप झाला होता. पोरीचा वाढदिवस आला का तुले दरसाल हे आठवलं असतं. म्हटलं, माह्या नावावर राहू दे."

मी रडलो. लाज कसली त्यात, ढसाढसा रडलो. दादाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी ठेवायचा तसाच.

इंद्रभानभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाले, "हे जाऊ द्याचं का राहू द्याचं?"

"जाऊ द्या," दादा म्हणाला.

"राहू द्या," मी म्हणालो. "मले दिसत राह्यलं पाह्यजे."

त्यांनी ती उतरवून घेतली. उरलेल्या फायलीही तशाच विचारून विचारून आपल्या जुन्या डिस्कवर घेतल्या. मग फ्लॉपी घातली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. "वीस जीबी हाय. वाटे कसे पाडाचे?"

थोरला दादा. वाटे त्यानेच पाडायचे. तो म्हणाला, "एक अठराचा, एक दोनचा." आणि माझ्याकडे वळून, "उचल जान्या."

त्याला मी अठराचा उचलावा असं वाटत होतं, हे मला कळत होतं. एवढं सगळं होऊनही! मला त्याचा रागच आला, खरं सांगतो.

"भाऊ," मी इंद्रभानभाऊंना म्हणालो, "दोनचा विंडोजले द्या. अठरात आम्ही दोघं राहतो."

इंद्रभानभाऊंनी लगेच बटण दाबलं नाही. त्यांनी दादाकडे पाहिलं. मालक दोन होते, आणि एकानेच सांगितलं होतं.

"तुमच्या तोंडानं सांगा," ते दादाला म्हणाले.

दादा म्हणाला, "त्यानं सांगतलं तसंच करा. अन् थो पडदाबी काढाचा हाय. पक्कड हाय काय तुमच्यापाशी?"