इंजिनाच्या वहीतलं चोविसावं पान

सुखदेव हाताला ओलं फडकं गुंडाळून इंजिनाच्या खोलीबाहेर बसला होता. मी सुलतानपूरहून सायकलनं बीबी गावाला पोहोचलो, तोवर त्याचं मनगट टम्म सुजलं होतं. मांडीवर वही उघडी होती.

ती वही आम्हा मिस्त्री लोकांची. आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या विहिरींवर एकाच जातीची डिझेल इंजिनं होती. ज्याला जे सुचलं ते त्यानं वहीत लिहावं, ज्याला हवं त्यानं उतरवून न्यावं. मालकी कोणाची नाही. ती सांभाळायचो मी. दीडशेवर पानं झाली होती. बीबीत दसऱ्याला हत्यारांसोबत तिचीही पूजा व्हायची. मग लाल फडक्यात बांधून ती तिथल्या इंजिनाच्या खोलीत खुंटीला.

हँडल मारण्याआधी एक लिव्हर उचलायचा असतो. त्यानं सिलिंडरमधली कोंडलेली हवा सुटते, हँडल हलकं फिरतं. वेग आला की लिव्हर पाडायचा. घाईनं आधीच पाडला, तर इंजिन उलटा झटका देतं. म्हणून अंगठा हँडलभोवती वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मग झटका आला तरी हँडल हातातून सुटून जातं. हे वहीत होतं. चोविसाव्या पानावर, कुठल्या तेलानं धूर कमी होतो याच्या खाली.

ऑपरेटर म्हणून सुखदेवचा एकट्याचा तो पहिलाच दिवस.

“काऊन रे, वही होती ना?” मी विचारलं.

“होती ना, मिस्त्री. दसऱ्याले म्याच फूल वाह्यलं तिले. आज फडकं सोडून धा पानं वाचली. पाणी सोडाची येळ झाली, मंग मारलं हँडल.”

आता खरं सांगतो. त्या दिवसाच्या दोनच महिने आधी सोसायटीचे चेअरमन म्हणाले होते, “मिस्त्री, हे पोथी कोन वाचते? मले एका पानात लिवून द्या. भिताडाले लावतो.”

“इंजिन एका पानात मावत नसते, भाऊ,” मी म्हणालो.

मावत होतं. पण ते पान भिंतीला लागलं असतं, तर बारीकसारीक कामाला मला बोलावणं आलं नसतं. ‘मिस्त्री आले’ म्हणत लोक उठून जागा द्यायचे, ते मला सोडवेना. हे मी आजवर घरीसुद्धा बोललो नाही.

हाड बसलं, अंगठा मात्र वळेना. सुखदेवच्या घरी भाजीपाला असतो. मेथीच्या जुड्या आता त्याची बायको एकटी बांधते.

तो कामावर परतला त्या दिवशी मी पत्र्यावर रंगानं पाच ओळी लिहिल्या. पहिली अंगठ्याची. अर्धा तास लागला. सुखदेवनं त्या मोठ्यानं वाचल्या, परत एकदा वाचल्या.

“इतकंच होतं काय, मिस्त्री?”

“हो. इतकंच.”

उठून सुखदेवनं लिव्हर उचलला.

वहीला अजून दसऱ्याला फूल वाहतात. भिंतीवरचा पत्रा तेलकट बोटांनी काळा पडतो, दोनदा नव्यानं रंगवावा लागला. कामाचं लिखाण कोणतं, ते त्याच्यावरच्या डागांवरून कळतं.