मशालजीचे सतरा

"आलं ते लिहा."

आमच्या प्रयोगशाळेतले मामा हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणत. पोरांनी पुस्तकातलं उत्तर बघून लंबकाची वेळ जुळवली की त्यांना लांबूनच कळे. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते टेबलापाशी येत, वहीत वाकून बघत. "घड्याळात आलं ते लिहा बाबा. चुकलं तर चुकू द्या. खोटं कामून लिहून राहिले?"

याच माणसासमोर, याच प्रयोगशाळेत, मी एक आकडा खोटा सांगितला. वीस बाजूंच्या फाशावर सतरा पडले होते. मी चार सांगितले. हे आजवर कुणालाच बोललो नाही, बायकोलाही नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाहीत, म्हणून तुम्हाला आधी सांगणं जमतंय.

मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. मामा आमचे प्रयोगशाळा परिचर. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम एक छोटा पेचकस. त्यांना हाक मारायची माझी पद्धत म्हणजे टेबलावर दोनदा पट्टी आपटायची. वीस वर्षांत कधी वाटलं नाही, की हे बरं नव्हे.

खेळ आणला रसायनशास्त्राच्या मॅडमनी, पुण्याहून. त्यात पट-सोंगट्या फार लागत नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं होऊन काय करायचं ते ठरवायचं. जमेल की फसेल, हे फासा सांगतो. मॅडम मांत्रिक झाल्या, त्यांचा मोबाईलचं दुकान चालवणारा भाऊ योद्धा झाला. गोष्ट सांगणारा मी. शनिवारी कॉलेज सुटलं की प्रयोगशाळेत बसायचो. हजेरीपट माझ्यापुढे उभा करून ठेवायचा आणि त्याच्या आडून मी फासा टाकायचा, म्हणजे पुढचं कुणाला दिसू नये. सरांचा फासा बघायला कोण वाकणार?

अशा खेळात नायकांबरोबर एखादा सोबती असतो. आमच्या लेखी तो भाडोत्री माणूस. त्यानं ओझं वाहायचं, मशाल धरायची आणि पुढे धोका आहे हे कळावं म्हणून सगळ्यांच्या आधी मरायचं. आमच्या सोबत्याचं नाव मशालजी. त्याचं बोलणंही मलाच करावं लागे. एका शनिवारी पाच तास शिकवून घसा बसला होता. मामा कुलूप लावायला थांबलेले, दाराशी स्टुलावर.

"मामा, या मशालजीचं जरा तुम्ही बोला."

"मला कुठं येतंय सर?"

"काही नाही. मशाल धरायची."

"धरतो की मग," म्हणाले आणि स्टूल टेबलाशी ओढलं.

पहिल्याच दिवशी योद्धा तलवार उपसून गुहेत घुसायला निघाला, तर मशालजी जागचा हलेना. "पाणी घेतलं का? दोर किती हात हाय? परत यायचं कसं ठरलंय?"

भाऊ वैतागला. "मामा, आपण लढाईला चाललो, यात्रेला नाही!"

"यात्रेला गेलेलं माणूस तरी वापस येतंय," मामा म्हणाले. मॅडम हसून टेबलावर आडव्या झाल्या. पण दोर घेतला गेला, आणि तासाभरात त्याच दोरानं योद्ध्याला विहिरीतून वर काढावं लागलं.

मग तो राक्षसाचा पहारेकरी. त्याला पकडून दोघं मारायला निघाले होते. मशालजीनं आपल्यातली अर्धी भाकर त्याच्यापुढे ठेवली. "घरी कोण कोण हाय रे तुझ्या?" आता राक्षसाच्या पहारेकऱ्याच्या घरी कोण असतं, याची तयारी मी कशाला करून ठेवू? मी चाचरत म्हटलं, म्हातारी आई आहे. मामांनी पुढची दहा मिनिटं तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. पहारेकऱ्यानं चोरवाट दाखवली. मी तीन आठवडे रचलेला सापळा तिथंच संपला.

"सर, तुमच्या राक्षसाला मामांनी जेवू घातलं!" मॅडम म्हणाल्या. मीही हसलो. पण बघणाऱ्यानं बघितलं असतं तर कळलं असतं, की माझे दात नुसते दिसत होते.

तिथून पुढे दोघं आधी मामांकडे बघायला लागले. मी गुहेचं वर्णन करावं, आणि मॅडमनी मान वळवून विचारावं, "मामा, काय करायचं?" बरं, मामा कधी हुकूम सोडत नसत. "तुमी पुढं व्हा, मागं मी हाव," एवढंच. मग दोघं निर्धास्त पुढे जात. माझी गोष्ट होती, माझी प्रयोगशाळा होती, आणि माणसं विश्वास ठेवत होती ते माझ्या शिपायावर. हा शब्द तेव्हा मनात आला होता. लपवत नाही.

तो शनिवार. दरीवरचा पूल कोसळत होता. मशालजी या काठावर मशाल उंच धरून उभा, म्हणजे बाकीच्या दोघांना फळ्या दिसाव्यात. दोघं पार झाले. आता हा. दहाच्या वर पडले तर वाचेल, असं मीच जाहीर केलं. हजेरीपटाच्या आड फासा टाकला. सतरा. फासा उचलून मुठीत घेतला आणि म्हणालो, "चार."

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. भाऊ म्हणाला, "सर, अजून एकदा टाका ना. मामा आहेत!"

मला तेव्हा मागे फिरता आलं असतं. मी पेन उचललं, पण मशालजीच्या नावापुढे लिहायला हात चालेना. मामांना वाटलं, सरांना वाईट वाटतंय. वाकून त्यांनी माझ्या वहीकडे बोट दाखवलं.

"आलं ते लिहा, सर. मानसं पार झाली न्हवं? मग झालं."

मी लिहिलं, मेला.

पुढच्या शनिवारी त्यांच्यासाठी नवं पात्र काढायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम. मी काढलं नाही, कुणाला विचारूही दिलं नाही, घाईनं खेळ सुरू केला. मामांनी क्षणभर वाट पाहिली आणि स्टूल उचलून परत दाराशी नेलं. महिनाभरात खेळ बंद पडला. पुढच्या वर्षी मामा निवृत्त होऊन लातूरला लेकीकडे गेले.

मागच्या महिन्यात पेपर तपासायला लातूरला जाणं झालं. मॅडमकडून पत्ता घेतला. रविवारी सकाळी लेकीच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, सतरंजीवर पाचजण बसलेले. लेक, जावई, शेजारचे निवृत्त कंडक्टर, शिवणकाम करणाऱ्या एक ताई, आणि गोष्ट सांगणारे मामा. मध्ये स्टीलचं ताट. फासा त्यात खणखण पडे आणि सगळे वाकून बघत.

"हितं हिरो न्हाई सर," मामांनी सांगितलं. "समदे सोबतीच. एकमेकाला पार न्यायचं, एवढाच खेळ." मग मंडळींकडे वळून, "हे आमचे सर. मला ह्यांनीच शिकवलं हे."

ताईंनी सरकून जागा केली. मला नावाडी केलं. मी नदीच्या प्रवाहाबद्दल बोलायला लागलो, तर कंडक्टर म्हणाले, "सर, नाव हाका आधी, शिकवनी मागून." सगळे हसले, मीही हसलो, या वेळी खरा. पुढे माझी नाव उलटली. फाशानं मला बुडवलं होतं. पण मामांनी विचारायच्या आतच लेक म्हणाली, "मी उडी मारते." मग ताईंनी, मग कंडक्टरांनी. तिघांनी फासे टाकून मला काठावर ओढलं. चुरमुऱ्यांच्या सुशीलाची ताटली हातात आली, ती मी तशीच सतरंजीवर ठेवली.

मामा बस स्टँडपर्यंत सोडायला आले. ऑटोत मी सुरुवात केली, "मामा, तो मशालजी…" ते लगेच म्हणाले, "लई चांगला होता हो. त्याच्यामुळं तर हे समदं." एवढ्या आनंदानं म्हणाले, की मी बसच्या वेळेचं विचारलं.

येत्या रविवारी पुन्हा लातूरला चाललोय. खेळाच्या आधी, सगळ्यांच्या समोर बोलणार आहे.

मशालजी वाचला होता आणि मी त्याला मारलं, हे मामांना सांगायचं बाकी आहे. त्यांना टेबलावरून उठवलं, त्याची माफी मागायची बाकी आहे. मी त्यांचं एवढं देणं लागतो.