दोन काड्यांत चूल

माणसाने अग्नी वश केला आणि तिथून संस्कृती सुरू झाली, असं आमच्या गाइड शिबिराचं उद्घाटन करताना प्रमुख पाहुण्यांनी छत्रीखालून सांगितलं. बोरिवलीच्या त्या मैदानात माझ्या पथकातल्या अकरा मुली पावसात भिजत ऐकत होत्या. त्यांना फक्त दोन काड्यांत चूल पेटवायची होती, तरच बिल्ला मिळणार होता.

पहिली काडी वाऱ्याने विझली. परीक्षक बाईंनी लगेच वहीत काहीतरी लिहिलं.

तेव्हा सगळ्यात लहान मुलीने रेनकोटच्या आतून डबा काढला. त्यात नारळाच्या सुक्या शेंड्या होत्या. "आई म्हणाली, नुसत्या कागदावर विसंबून राहिलीस तर वाट लागेल."

नियमात शेंडी नव्हती, पण तिला मनाईही नव्हती. बाकीच्यांनी रेनकोट ताणून चुलीवर छप्पर धरलं.

"ए, फुंकू नको ना गं इतक्यात!"

"मग तू पेटव!"

शेंडीने पेट घेतला, मग काटक्यांनी. मुली अशा किंचाळल्या की पाहुणे दचकले. मीही किंचाळले.

अकराही बिल्ले मिळाले. जाळ विझेल म्हणून मुलींनी त्यावर खिचडीचं पातेलं शेवटपर्यंत ठेवू दिलं नाही. दुपारी सगळ्यांनी वडापाव खाल्ला.