आउटर धरून

जगातली कुठलीही गोष्ट आहे त्यापेक्षा जरा लवकर सुरू करता येते, यावर आमच्या दाजींचा जेवढा विश्वास होता तेवढा माणसानं देवावरही ठेवू नये. दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, यजमान. मूळचे खुटबावचे, पण सगळी नोकरी दौंडला, रेल्वेच्या शंटिंगमध्ये. पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं तोंड दौंडला फिरतं. एका टोकाचं इंजिन सोडायचं आणि दुसऱ्या टोकाला आणून जोडायचं, हेच दाजींनी जन्मभर केलं. तोवर खोळंबलेले प्रवासी ज्यांच्याकडे बघून कुरकुरतात, त्यांतले ते एक. त्यामुळेच असेल, खोळंबा म्हटला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सत्कारसमारंभात भाषण लांबलं तर पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवायला लागायचे, म्हणजे बोलणारा गोंधळून खाली बसायचा. आणि घरात वेळ सांगताना खरी कधीच सांगायचे नाहीत. एस.टी. नऊची असली तर आक्कांना साडेआठची सांगायचे. "आउटर धरून सांगावं लागतंय," म्हणायचे. स्टेशनात शिरायच्या आधी गाडी बाहेरच्या सिग्नलला अडून राहते, तो आउटर. प्रत्येक माणसाच्या आवरण्यालाही एक आउटर असतो, असं दाजींचं मत. आक्कांचं त्यावरचं मत इथं लिहिण्यासारखं नाही.

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला तो लेकीपायी. त्यांची एकुलती एक सुनंदा नर्स होऊन मस्कतला गेली आणि जाताना एक वापरलेला कॉम्प्युटर कॅमेऱ्यासकट बसवून देऊन गेली. ते भारनियमनाचे दिवस. दौंडात दुपारी गेलेली वीज संध्याकाळी सहाला यायची. सुनंदानं सांगून ठेवलं होतं, "आण्णा, तुमच्याकडच्या सहाला माझी चहाची सुट्टी असते, तेव्हा बसत जा." सुट्टी इवलीशी. इकडे वीज आली की दाजी बटण दाबायचे, आणि मग पडद्यावर ती हिरवी पट्टी एका जागी सरपटत राहायची. सगळं उघडेपर्यंत सुनंदा तिकडे येऊन बसलेली असायचीच. आपल्या मशीनपायी पोरीची अर्धी सुट्टी वाया जाते, हे दाजींच्या जिवाला लागलं होतं. "पोरगी तिकडं एकटीच ताटकळती," ते मला म्हणायचे. "मशीन उठायचं कवा, आन् मी बोलायचं कवा?"

शिरूरला माझा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले तसा मी नातेवाइकांत आपोआप डॉक्टर झालो. साप्ताहिक सुट्टीला दाजी एस.टी.नं शिरूरला यायचे ते कुणाकडून तरी ऐकलेला नवा उपाय घेऊनच. उपाय जगाचे असायचे, पण दाजी ते रेल्वेच्या कायद्यात बसवून घ्यायचे. गाडी आउटरला का थांबते? प्लॅटफॉर्म मोकळा नसतो म्हणून. म्हणून त्यांनी पडद्यावरची सगळी चित्रं पुसून टाकली. त्यात मागचा जेजुरीच्या खंडोबाचा फोटोही गेला. "देवानं मशीन हळू चालतंय व्हय?" म्हणून आक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवटी तसाच दुसरा फोटो चौकटीत बसवून मॉनिटरच्या डोक्यावर ठेवला. मशीन उघडलं की दाजी रिफ्रेश मारायचे, एकदा नाही, बोट दुखेपर्यंत. मी म्हटलं, "दाजी, यानं काही होत नाही हो." तर म्हणाले, "गाडी सुटायच्या आधी चाकं हातोडीनं ठोकून बघत्यात, त्येनं गाडी पळती का? पण ठोकावी लागत्यात."

एकदा कुणीतरी सांगितलं की मशीन सुरू होताना आत पुष्कळ फालतू कामं चालू होतात, ती बंद केली की झालं. दाजींना त्या कामांची यादी सापडली. "ही एवढी बिनतिकिटाची मंडळी चढलीतच कशाला?" म्हणत त्यांनी दिसेल त्याला खाली उतरवलं. त्यात आवाजही उतरला. संध्याकाळी सुनंदा पडद्यावर आली, तोंड हलतंय, हसतेय, पण ऐकू काही नाही. दाजींनी तीस वर्षं हिरवी-लाल झेंडी दाखवलेली. त्यांनी सरळ हातवारे सुरू केले. जेवलीस का, बरी आहेस का, सगळं हातानं. सुनंदा रेल्वे कॉलनीत वाढलेली, तिनंही हात वर करून 'लाइन क्लिअर' दाखवलं, म्हणजे सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी मी दौंडला जाऊन आवाज परत चढवला. "काल लई ग्वाड बोललो आम्ही," दाजी मलाच म्हणाले.

आता या उपायांनी फरक पडायचा का? दाजींच्या हिशेबानं हमखास पडायचा. त्यांचा हिशेब तंबाखूचा. बटण दाबलं की तळहातावर तंबाखू घ्यायची, चुना लावायचा, अंगठ्यानं मळायची, थापा मारून भुकटी उडवायची आणि चिमूट ओठात धरायची. "पयलं कसं, चिमूट तोंडात जाऊन निवांत बसायची, तरी मशीन झोपल्यालंच. आता मळून व्हायच्या आत उठतंय!" मी शेजारी बसून बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात तसूभर फरक नव्हता. नवा उपाय केला की दाजीच तंबाखू जास्त मन लावून मळायचे, एवढंच. मी घड्याळ दाखवलं. "घड्याळाचं काय सांगता," ते म्हणाले, "ते सेलवर चालतंय."

शेवटी माझाच धीर सुटला. म्हटलं, "दाजी, बाकी सगळं सोडा. या मशीनमध्ये रॅम कमी आहे."

"व्हय," दाजी गंभीर होऊन म्हणाले. "मला पयल्यापासून वाटतंच हुतं, हेच्यात काय राम न्हाई."

मी मेमरीची नवी पट्टी घेऊन दौंडला गेलो आणि वीज नसतानाच बसवली. सहाला दिवे लागले. दाजींनी बटण दाबलं, तंबाखू काढली, चुन्याचं बोट अजून डबीतच होतं तेवढ्यात पडदा उजळून समोर सगळं हजर! दाजींनी मला मिठीच मारली. मग खुर्ची ओढून बसले. पण बोलायच्या यादीतलं सुनंदाचं नाव करडंच; ती तिकडे येऊन बसली की ते हिरवं व्हायचं. दाजींनी रिफ्रेश मारलं, पुन्हा मारलं. हातातली तंबाखू मळून मळून पीठ झाली. "लाइन चालू हाय न्हवं?" त्यांनी मला विचारलं. "बरी असंल न्हवं ती?" आक्काही स्वयंपाकघरातून येऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं नाव हिरवं झालं आणि सुनंदा दिसली. "अगं बाई! आण्णा, तुम्ही आधीच?"

"आधीच म्हंजी? सहाची सुट्टी न्हवं तुजी?"

ती खळखळून हसली. "सव्वासहाची हो. तुम्हाला सहा सांगितलं होतं. आउटर धरून!"

आक्का तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. दाजीही हसले, पण जरा उशिरानं.

पुढच्या सुट्टीला दाजी मांडीवर कॉम्प्युटरचा डबा घेऊन एस.टी.तून थेट माझ्या क्लासात उतरले. म्हणाले, "तेवढी पट्टी काढा."

"का? परत हळू झाला?"

"न्हाई. लई लवकर उठतंय."

मी म्हटलं, मग सव्वासहाला चालू करा की. "वीज आल्यावर हात ऱ्हातोय व्हय?" दाजी म्हणाले. मग बाकावर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "पयलं कसं, मी मशीनवर चिडायचो. त्येला श्या घालीस्तोवर पोरगी समोर. आता मशीन तयार, आन् तिचं नाव तसंच पडल्यालं. नुसतं त्या नावाकडं बघत बसायचं. तुमची आक्का काय बोलत न्हाई, मी काय बोलत न्हाई. पोरगी लांब गेलीया ते तवाच कळतंय बघा."

मी डबा उघडला, पट्टी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. ती त्यांनी रुमालात बांधून खिशात टाकली. मग डबा माझ्या मॉनिटरला जोडून बटण दाबलं. हिरवी पट्टी पूर्वीसारखीच सरपटायला लागली. सवयीनं माझा हात माउसकडे गेला, तसा दाजींनी तो धरला आणि दुसऱ्या हातानं तंबाखूची पुडी काढली.

"ऱ्हाऊ द्या आउटरला," ते म्हणाले. "येतीच ती तवर."