देवमाशाकडे पाठ

विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण मुद्दाम संग्रहालयात ठेवलं होतं. शेजारच्या दालनात देवमाशाचा अख्खा सांगाडा, आणि आम्ही दिवसभर बंद खोलीत पडद्यावर त्याचे फोटो बघत बसलो. वस्तू हाताशी असताना चित्रावरच बोलायची शाळेची ही सवय इथेही सुटली नाही, याची शिसारी आली.

संध्याकाळी प्रशिक्षण देणाऱ्या तज्ज्ञांनी आम्हाला दालनात नेलं, तेही ग्रुप फोटोसाठी. सगळे सांगाड्याकडे पाठ करून हसत उभे राहिले. माझ्या शेजारच्या शिंदेबाई मात्र वळल्या. सांगाड्याच्या वल्ह्यासारख्या पराकडे बोट दाखवत म्हणाल्या, "अहो, याच्यात आपल्यासारखी बोटं आहेत. मुलांना हे सांगायला हवं."

"बाई, फोटो बिघडतोय," तज्ज्ञ करवादले.

मी शिंदेबाईंच्या बोटाच्या दिशेने पाहिलं, आणि कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली.